कोपऱ्यातल्या बाकाचं विशेषण

माणूस गेल्यावर त्याला विशेषण लागतं, हे मला बाबा गेल्यावर कळलं. जिवंतपणी त्यांचं विशेषणावाचून काही अडलं नव्हतं. चष्म्याच्या दुकानाच्या मागच्या खोलीत बसून ते आयुष्यभर भिंगं घासत आले. तिथे मालक त्यांना 'अहो' म्हणायचे आणि गिऱ्हाइकं 'झालं का?' म्हणायची, आणि एवढ्यावर त्यांची सगळी नोकरी पार पडली. पण बागेत त्यांच्या आठवणीचा बाक ठेवायचं ठरलं, आणि आमच्या बागेत विशेषणाशिवाय बाक मिळत नाही असं निघालं.

बाकाची कल्पना आईची. तिला तो बागेच्या एका ठरावीक कोपऱ्यातच हवा होता. त्या कोपऱ्यात बागेचं कुंपण आहे, म्हणजे खाली वीतभर रुंदीचा कठडा आणि वर लोखंडी गज. कुंपणापलीकडे रस्ता, आणि रस्त्यापलीकडे मोठ्या इस्पितळाचं मागचं दार. आई त्या इस्पितळात परिचारिका होती. सगळी वसाहत तिला अजूनही सिस्टर म्हणते. ड्यूटी संपली की तिथली माणसं त्या मागच्या दाराने बाहेर पडतात. बाबा दुकानातून सुटले की थेट त्या कठड्यावर येऊन बसायचे. आईची ड्यूटी वेळेवर संपायची ती फक्त कागदावर. कधी एखाद्या रोग्याची तब्येत अचानक बिघडे, कधी पुढच्या पाळीची सिस्टर येत नसे. बाबा बसलेले असायचे. आई आली की तिची बॅग आपल्या खांद्यावर घ्यायचे आणि दोघं चालत घरी यायची. तिचा पांढरा गणवेशही तेच इस्त्री करायचे, आणि इस्त्री चालू असताना त्यांच्याशी बोललेलं त्यांना खपत नसे. आमच्या काकांनी, म्हणजे बाबांच्या धाकट्या भावाने, त्यांचं नाव 'बायकोचा हमाल' असं ठेवलं होतं. हे नाव वसाहतीत फार लोकप्रिय होतं. बाबांना ते माहीत होतं, पण त्यांनी त्यावर कधी हरकत घेतली नाही.

"तिथे बाक हवाच होता," आई म्हणाली. "कठड्यावर बसून बसून त्यांची कंबर गेली. बोलले नाहीत कधी. पण घरात आले की आधी भिंतीला पाठ लावून उभे राहायचे. मला काय कळत नव्हतं?"

आता बाक ठेवून त्यांच्या कमरेला काय फायदा, असा प्रश्न माझ्या अगदी ओठांवर आला होता. मी विमा कंपनीत दावे तपासतो, त्यामुळे असे प्रश्न मला पटकन सुचतात. पण आई ते ज्या आवाजात म्हणाली, तो ती पूर्वी ताप किती आहे हे सांगताना वापरत असे. त्या आवाजापुढे आमच्या घरात कोणी काही बोलत नाही. मी दुसऱ्याच दिवशी बाग समितीकडे गेलो.

बाग समितीचं कार्यालय म्हणजे माळ्याची खोली. पाण्याच्या नळ्या, गवत कापायचं यंत्र आणि खताची पोती यांच्यामध्ये एक टेबल आणि त्यामागे अध्यक्ष. हे गृहस्थ वजनमापे खात्यातून निरीक्षक म्हणून निवृत्त झालेले. आयुष्यभर दुकानदारांचे तराजू तपासल्यामुळे त्यांना जगातली प्रत्येक गोष्ट थोडी कमी भरते असं वाटतं. समोर ठेवलेलं बिस्किटसुद्धा ते खाण्याआधी हातात उचलून जरा तोलतात. मी माझा विषय सांगितला.

"जागा आहे," ते म्हणाले. "पण त्या कोपऱ्यात कचराकुंडी ठेवायचा प्रस्ताव आलेला आहे. महिनाअखेरच्या बैठकीपर्यंत तुमचं सगळं रीतसर आलं तर बाक, नाही तर कुंडी."

"रीतसर म्हणजे?"

"बाकाचं तोंड हिरवळीकडे. पाटी इंग्रजीत. मजकूर सगळ्यांचा एकच, 'इन मेमरी ऑफ अवर' अमुक 'फादर', किंवा मदर, जे असेल ते. अमुकच्या जागी तुमच्या पसंतीचं एक विशेषण. खाली नाव."

"तोंड रस्त्याकडे नाही का करता येणार? कारण आमच्या आईला..."

"तोंड हिरवळीकडे," अध्यक्ष म्हणाले. "आणि विशेषण पुन्हा वापरलेलं चालणार नाही."

या शेवटच्या नियमामागे इतिहास आहे. पाटी इंग्रजीत असण्याचं कारण एवढंच की पहिला बाक देणाऱ्याने ती इंग्रजीत केली आणि मग सारखेपणा हवा म्हणून सगळ्यांनी केली. त्याने 'बिलव्हेड' लिहिलं. पुढे दुसऱ्या एका घरानेही 'बिलव्हेड' लिहिलं. तेव्हा पहिल्या घरातली मंडळी समितीत येऊन म्हणाली, आमच्या वडिलांचं विशेषण चोरलं. दोन्ही घरांची बोलचाल बंद झाली, एकमेकांच्या बाकांवर ओले टॉवेल वाळत घालण्यापर्यंत मजल गेली, आणि शेवटी समितीने ठराव केला की एका बागेत एक विशेषण एकाच दिवंगताला मिळेल.

याचा परिणाम असा झाला, की जे आधी गेले त्यांची चंगळ झाली. नोबल, जेनरस, ऑनेस्ट, काइंड ही घसघशीत विशेषणं पहिल्याच बाकांनी नेली. नंतरच्यांचे हाल सुरू झाले. तळ्याकडच्या बाजूला 'पंक्च्युअल' आहेत. त्यांच्या शेजारी 'वेल-ड्रेस्ड' आहेत. 'बायलिंग्वल' नावाचे एक आजोबा आहेत. आणि अगदी टोकाच्या बाकावर, सगळे उपाय थकल्यावर, एका घराने 'टॉल' असं लिहिलं आहे. मी त्यांच्या मुलाला भेटलो तेव्हा तो म्हणाला, "निदान खरं तरी आहे." मी त्या वेळी मनात हसलो, ते हसणं पुढे मला चांगलंच महागात पडलं.

खरं म्हणजे मला हे काम अवघड वाटलं नव्हतं. आमच्या कार्यालयात इंग्रजी मसुदा म्हटला की माझ्याकडे येतो. मी लिहिलेल्या पत्राला साहेब सहसा हात लावत नाहीत, आणि ही गोष्ट मी घरात अधूनमधून सांगत असतो. त्यामुळे संध्याकाळी कागद-पेन घेऊन मी ऐटीत बसलो. आणि मला असं दिसून आलं, की माझ्या डोक्यात जी विशेषणं आहेत ती सगळी कार्यालयाची आहेत. अबव्ह-मेन्शन्ड. अंडरसाइन्ड. ड्यूली सर्टिफाइड.

"बाबांना तुम्ही 'ड्यूली सर्टिफाइड' म्हणणार?" बायकोने विचारलं.

"सुचवतोय फक्त."

"मग 'अ‍ॅडजस्टेबल' लिहा. निदान अर्थ तरी जुळतो."

मी तिच्याशी त्या संध्याकाळी अधिक बोललो नाही. पण बातमी जिन्यातून खाली गेली आणि सल्ले वर यायला लागले. वरच्या मजल्यावरचे हिशेबतपासनीस म्हणाले, 'टॅक्स-पेइंग' अजून कोणी घेतलेलं नाही, ताबडतोब अडवून ठेवा. समोरच्या ब्लॉकमधल्या डॉक्टरीणबाईंनी 'नॉन-स्मोकिंग' सुचवलं आणि बाबांच्या फुप्फुसांबद्दल चार गौरवाचे शब्द सांगितले. काकांचा फोन आला. "अरे, एवढं काय डोकं खाजवतोस? 'अनपेड' लिही. आयुष्यभर फुकट हमाली केली दादाने." आणि स्वतःच्या विनोदावर ते इतके हसले की त्यांना ठसका लागला आणि फोन काकूंनी ठेवला.

मी रोज एक विशेषण घेऊन अध्यक्षांकडे जात होतो आणि अध्यक्ष ते मनातल्या मनात तोलून परत करत होते. बरी होती ती गेलेली होती, आणि उरलेली होती ती समितीच्या प्रतिष्ठेला शोभत नव्हती. महिना संपत आला. त्या कोपऱ्यात कुंडीसाठी चुन्याने चौकोन आखलासुद्धा गेला. आईने तो फिरायला गेली असताना पाहिला. घरी येऊन ती एवढंच म्हणाली, "तिथे खूण केलीय कसली तरी." मग स्वयंपाकघरात जाऊन बराच वेळ भांडी लावत राहिली. मला फार वाईट वाटलं. एक माणूस आयुष्यभर ज्या जागी बसला, तिथे त्याच्या मुलाला एक शब्द सुचत नाही म्हणून केरकचरा येणार होता.

शेवटी मी तळमजल्यावरच्या बाईंकडे गेलो. बाई म्हणजे आमच्या शाळेतल्या इंग्रजीच्या बाई. निवृत्त झाल्या, एकट्या राहतात, आणि अजूनही वसाहतीत कोणी चुकीचं इंग्रजी बोललं की त्यांच्या खिडकीचा पडदा हलतो. मी समस्या सांगितली. त्यांनी क्षणभरही विचार केला नाही.

"तुझ्या वडिलांना एकच शब्द आहे," त्या म्हणाल्या. "अक्सोरियस."

"म्हणजे?"

"पत्नीवर निस्सीम प्रेम करणारा. लॅटिनमधला आहे, 'अक्सॉर' म्हणजे पत्नी. फक्त नवऱ्याबद्दल वापरायचा. लिहून घे."

"पण बाई, पाटीवर 'अवर' येणार. आमचे अक्सोरियस वडील. पत्नीच्या बाबतीतला शब्द मुलांनी वापरलेला चालेल?"

बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "ते नवरे नसते तर तुझे वडील झाले असते का? बस आता."

महिनाअखेरच्या बैठकीत मी तो शब्द समितीपुढे ठेवला.  अध्यक्षांनी कागद हातात घेतला, जरा लांब धरला, जरा जवळ आणला. बाकीचे सदस्य खताच्या पोत्यांकडे पाहू लागले.

"अर्थ सांगू का?" मी नम्रपणे विचारलं.

"आम्हाला अर्थ समजत नाही असं तुम्हाला म्हणायचंय का?" अध्यक्ष म्हणाले. सगळ्या सदस्यांनी ताबडतोब माना हलवल्या, काहींनी होकारार्थी, काहींनी नकारार्थी. "शब्द भारदस्त आहे. वजन आहे त्याला. मंजूर."

यानंतर सगळं सुरळीत व्हायला हरकत नव्हती. पण पाटीवाला आडवा आला. हा माणूस वर्षानुवर्षं डॉक्टर-वकिलांच्या दारावरच्या पितळी पाट्या कोरतो. कागद वाचून त्याने मला आदराने विचारलं, "कुठल्या देशाची हो ही पदवी?" मी घाईत होतो. "लॅटिन आहे," असं म्हणून निघून आलो. आता पदवी ठळक कोरायची त्यांच्या धंद्यातली पद्धत आहे, आणि परदेशी असेल तर दुप्पट. पाटी हातात आली तेव्हा बाबांचं नाव खाली मुंगीएवढं होतं आणि वर 'अक्सोरियस' हा शब्द रस्त्यापलीकडून वाचता येईल एवढा मोठा होता. रविवारी समारंभ ठरला होता, बदलायला वेळ नव्हता. बाक बसला, पाटी पाठीच्या फळीवर पुढून ठोकली गेली, आणि नियमाप्रमाणे बाकाचं तोंड हिरवळीकडे झालं.

मी आईला दाखवायला घेऊन गेलो. ती बसली. पाठ टेकली. समोर हिरवळ, हिरवळीवर व्यायाम करणारे लोक. तिने मान वळवून मागे, गजांमधून इस्पितळाच्या दाराकडे पाहिलं. मान फार वळेना, म्हणून सगळं अंग वळवून पाहिलं.

"छान आहे," ती म्हणाली. इस्पितळात नातेवाइकांना ती 'बघू या' ज्या सुरात म्हणत असे, तोच तो सूर होता.

रविवारी छोटासा समारंभ झाला. आम्ही घरची माणसं, काका-काकू, बाई, वसाहतीतली मंडळी, आणि पहिल्या रांगेत अध्यक्षांच्या पत्नी. अध्यक्ष बोलायला उभे राहिले. त्यांच्या भाषणाचा मला अजूनही राग येत नाही, कारण ते मनापासून बोलत होते. ते म्हणाले, "आज समाजाला अक्सोरियस माणसांची फार गरज आहे. हल्ली अक्सोरियसपणा कुठे दिसतो? मी स्वतः सेवेत असताना कायम अक्सोरियस राहण्याचा प्रयत्न केला. बाजारात गेलो की व्यापारी लांबून ओळखायचे. लोकांनी मोहात पाडलं, वरून दबाव आला, पण मी अक्सोरियसपणा सोडला नाही. प्रत्येक दुकानात, प्रत्येक गोदामात मी तो दाखवला."

टाळ्या झाल्या. अध्यक्षांच्या पत्नींनीही वाजवल्या. बाई मात्र हात मांडीवर ठेवून समोर बघत होत्या. आणि तेवढ्यात काका, ज्यांना भाषण चालू असताना फोनमध्ये बघायची सवय आहे, मोठ्याने म्हणाले, "अरे, हे काय!"

कोणीही विचारलं नसताना त्यांनी फोनमधल्या शब्दकोशातला अर्थ वाचून दाखवला. पत्नीवर प्रमाणाबाहेर प्रेम करणारा. तिच्या अगदी आहारी गेलेला. शब्द किंचित उपहासाने वापरतात.

"म्हणजे बायकोचा हमालच की!" काका म्हणाले. "मी इतकी वर्षं मराठीत म्हणत होतो, ह्याने पितळेत कोरून घेतलं!"

लोक हसले. आधी काका हसले, मग मागची रांग, मग सगळेच. अध्यक्ष हातात भाषणाचा कागद घेऊन उभे होते. त्यांच्या पत्नी त्यांच्याकडे पाहत होत्या, आणि बाजारातल्या प्रत्येक दुकानात आणि गोदामात दाखवलेल्या त्या गोष्टीचा विचार करत असाव्यात. मी आईकडे पाहिलं नाही. पाहायची मला हिंमत झाली नाही.

पुढचे दिवस फार वाईट गेले. शब्द वसाहतीभर झाला. भाजीच्या पिशव्या धरून चालणाऱ्या नवऱ्याला दुसरे नवरे "काय, अक्सोरियस?" म्हणून हाक मारू लागले. उलट बायका आपापल्या नवऱ्यांना फिरायच्या निमित्ताने त्या कोपऱ्यात आणून पाटीसमोर उभं करू लागल्या. "वाचा. नुसतं वाचा. मी काही म्हणत नाही." सकाळी फिरणाऱ्या पुरुषांनी त्या बाजूचा रस्ताच सोडला आणि दुसऱ्या बाजूचं गवत तुडवून टाकलं. अध्यक्षांच्या घरी, असं ऐकलं, रोज जेवताना त्यांना एकच प्रश्न विचारला जात होता, की भाषणात सांगितलंत ते घरी कधी सुरू करणार? आणि माझ्यापुरतं सांगायचं तर, कार्यालयात साहेबांनी मला बोलावलं. "तुमच्या वडिलांच्या पाटीबद्दल ऐकलं," एवढंच म्हणाले. त्या दिवशी माझा मसुदा प्रथमच लाल खुणा होऊन परत आला. त्यातली एक खूण चुकीची होती, पण मी ते बोलून दाखवण्याच्या अवस्थेत राहिलो नव्हतो.

मी तडक बाईंकडे गेलो. जिना उतरताना मी बरंच काही ठरवलं होतं, पण त्यांच्या दारात उभं राहिलं की माझं वय कमी होतं.

"बाई, कोशात 'प्रमाणाबाहेर' आहे. तुम्ही 'निस्सीम' सांगितलंत."

"मला माहीत आहे कोशात काय आहे," बाई म्हणाल्या. "मी तो शब्द किती मुलांना शिकवला असेल, आणि कोशातलाच अर्थ शिकवला. पण वाक्यात उपयोग करून दाखवा म्हटलं की मला स्वतःलाच माणूस सापडायचा नाही. मी या खिडकीत उत्तरपत्रिका तपासत बसायचे. संध्याकाळी ही दोघं जाताना दिसायची. तुझे वडील बॅग घेऊन, आणि सिस्टर मोकळ्या हातांनी, हात असे हलवत. दिवसभर दुसऱ्यांचं उचलून धरलेले हात, त्यांना तेवढाच रस्ता मोकळा मिळायचा. त्याला प्रमाणाबाहेर म्हणायचं असेल तर कोश करणाऱ्यांनी खुशाल म्हणावं." मग त्यांनी पडदा सारखा केला आणि म्हणाल्या, "तुला लाज वाटत असेल तर काढून टाक पाटी."

समितीची खास बैठक बोलावली गेली. विषय एकच, कोपऱ्यातला बाक. मी तोडगा तयार ठेवला होता. 'ऑप्टिकल' हे विशेषण अजून मोकळं होतं, बाबांच्या धंद्याला धरून होतं, आणि त्यावर कोणी हसलं नसतं. मी तो आईला सांगितला. तिने साडीच्या निऱ्या नीट केल्या आणि म्हणाली, "बैठकीला मी येते."

माळ्याच्या खोलीत आईसाठी खुर्ची रिकामी करण्यात आली. अध्यक्ष गंभीर होते. ते म्हणाले, की बागेत अशांतता निर्माण झालेली आहे, आणि मृत व्यक्तीबद्दल आदर असला तरी अशी उपहासाची पाटी ठेवता येणार नाही. पाटी बदलावी, नाही तर बाक हलवून कुंडीचा प्रस्ताव पुन्हा घ्यावा लागेल.

"आधी मला अर्थ सांगा," आई म्हणाली. "त्या दिवशी सगळे हसत होते, मला नीट ऐकू आलं नाही." ती माझ्याकडे वळली. "तू सांग."

"म्हणजे, पत्नीवर प्रेम करणारा," मी म्हणालो.

"पुढे?"

"पुढे काही विशेष नाही."

"रिपोर्ट अर्धा वाचायचा नसतो," आई म्हणाली. "पूर्ण सांग."

मी टेबलाच्या कडेकडे बघत म्हणालो, "प्रमाणाबाहेर प्रेम करणारा."

आईने मान हलवली. टेबलावरच्या बिस्किटांकडे पाहिलं. मग अध्यक्षांना म्हणाली, "तुम्ही वजनमापे खात्यात होता ना?"

"हो, सिस्टर."

"तिथे याचं माप होतं का?"

अध्यक्षांनी तोंड उघडलं. त्यांना कोणीही हा प्रश्न थट्टेने विचारला असता तर ते भडकले असते. पण आईने तो सरळ, माहितीसाठी विचारला होता, आणि हा माणूस नोकरीत कधी खोटं बोललेला नव्हता. त्यांनी खरोखर आठवून पाहिलं.

"नव्हतं," ते म्हणाले.

"मग प्रमाण कोणी ठरवलं?" आई म्हणाली. "ते गेले. त्यांना लोक पाठीमागे हमाल म्हणायचे, मला माहीत होतं. त्यांनाही माहीत होतं. मी एकदा म्हटलं, तुम्ही नका येत जाऊ, लोक हसतात. तर म्हणाले, हसू देत, तू दमलेली असतेस. माझी पाटीबद्दल काही तक्रार नाही. शब्द बरोबर आहे."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते खताच्या वासाने आलं असावं असं दाखवत मी खिडकीकडे तोंड केलं.  पण समिती म्हटली की काहीतरी निर्णय व्हावा लागतो, आणि अध्यक्षांना घरी जाऊन जेवायचंही होतं. त्यांनी खाकरून घसा साफ केला.

"पाटी राहू दे," ते म्हणाले. "मात्र बागेतल्या लोकांना ती दिसता कामा नये. शिस्तीचा प्रश्न आहे. म्हणून समिती असं ठरवते, की सदर बाक फिरवण्यात यावा. तोंड कुंपणाकडे, पाठ हिरवळीकडे. ही शिक्षा समजावी. चालेल ना, सिस्टर?"

आईने माझ्याकडे पाहिलं. मी आईकडे पाहिलं. मी तोंड उघडणार, तेवढ्यात तिने माझ्या हातावर हात दाबला.

"आता काय करणार," आई खालच्या आवाजात म्हणाली. "तुम्ही म्हणाल तसं."

बाक फिरला. पुढून ठोकलेली पाटी आता गजांमधून थेट इस्पितळाच्या मागच्या दाराकडे बघते, आणि पाटीवाल्याच्या कृपेने ती रस्त्यापलीकडून व्यवस्थित वाचता येते. ड्यूटी संपवून बाहेर पडणाऱ्या मुली थांबून वाचतात. काही जणी फोन काढून अर्थ बघतात. हसतातही, पण ते हसणं काकांच्या हसण्यासारखं नसतं. परवा एक जण दाराशी उभ्या असलेल्या आपल्या नवऱ्याला काहीतरी सांगत होती, आणि त्याने निमूटपणे तिच्या हातातली पिशवी घेतली. अध्यक्षही, असं ऐकतो, हल्ली बाजारात पत्नीबरोबर जातात आणि ओझं स्वतः उचलतात. उचलताना जरा तोलून बघतात, पण उचलतात.

आई रोज संध्याकाळी तिथे जाऊन बसते. जाताना आपली जुनी ड्यूटीची बॅग घेऊन जाते. तिच्यात एक शाल आणि पाण्याची बाटली, याशिवाय काही नसतं. बसते ती बाकाच्या एका कडेला, आणि बॅग दुसऱ्या कडेला ठेवते.

काल मी तिला आणायला गेलो. म्हटलं, "आई, मी बाईंना विचारलं. नवऱ्यासाठी असा शब्द आहे, तसा बायकोसाठी इंग्रजीत कोणता आहे? बाई म्हणाल्या, वापरात असलेला एकही नाही."

"नसेलच," आई म्हणाली. "बायकोने वाट बघितली तर कोण हसतंय तिला?"

समोरचं दार उघडलं. पाळी सुटली होती. पांढऱ्या कपड्यांतली माणसं एकेक करून बाहेर पडायला लागली, आणि आई त्यांच्याकडे बघत राहिली. वारं गार झालं होतं. मी बॅग उचलायला हात पुढे केला आणि म्हणालो, "चल ना, घरी जाऊ."

"थांब जरा," ती म्हणाली. "मी सगळ्यांच्या शेवटी बाहेर यायचे, तोवर ते कधी उठायचे नाहीत. आता माझी ड्यूटी आहे."

मी बॅग मांडीवर घेतली आणि तिच्या शेजारी बसलो. पाठ टेकून पाहिली. कमरेला बाक खरंच चांगला आहे.